पणजोबा फाळक्यांच्या कंपनीत राक्षस होते का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकच्या सिडकोत राहणाऱ्या एका ताईंना माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत पणजोबांचा फोटो सापडला. उघडं अंग, डोक्यावर मुकुट, खांद्यावर गदा, भरघोस मिशी. शेजारी नऊवारीतली एक बाई, पण तिचे दंड काही बाईचे वाटत नाहीत. मागे शाईनं ‘1924 नाशिक’ एवढंच. आजी सांगायच्या, “ते कारखान्यात होते, राक्षस व्हायचे.” ताईंनी दादासाहेब फाळक्यांच्या चित्रपटांच्या मिळतील तेवढ्या याद्या चाळल्या, नाव कुठंच नाही. आता त्या विचारतात, की त्या काळी अशा चरित्र अभिनेत्याची कारकीर्द असायची तरी कशी, आणि नाव नसेल तर घरातली गोष्ट खोटी समजायची का?

मी इतिहासकार नाही. नाशिकला 32 वर्षं रंगभूषा करतोय. राज्य नाट्य स्पर्धा, कालिदास आणि सायखेडकर ही नाट्यगृहं, शाळांची स्नेहसंमेलनं, मधूनमधून मालिका. जुन्या मूकपटांचा नाद लागला तो धंद्यामुळेच: एका प्रयोगासाठी 1920 च्या आसपासचे चेहरे हवे होते आणि जुने फोटो बघूनही रंग जुळेनात. तेव्हापासून जे बघितलं, वाचलं आणि हातानं करून पाहिलं, त्यावरून सांगतो.

पहिलं म्हणजे ‘चरित्र अभिनेता’ हा शब्द जरा बाजूला ठेवा. तो बोलपटाच्या जमान्यातला. नाशिकच्या कंपनीत पणजोबा असतील तर ते ‘पगारी नट’ होते, आणि त्यातही ‘नट’पेक्षा ‘पगारी’ हा शब्द महत्त्वाचा. कंपनीत राहायचं, कंपनीत जेवायचं, सकाळी ऊन आलं की उभं राहायचं. आज राक्षस, उद्या दरबारातला सरदार, परवा कोणी आजारी पडलं तर दासी. आणि ज्या दिवशी अंगाला रंग लागणार नाही त्या दिवशी पडदे उचलायचे, लाकूड तासायचं, फिल्म धुवायच्या खोलीत पाणी भरायचं. त्यामुळे तुम्ही भूमिकांची यादी शोधताय तिथंच गाडी अडतेय. त्या माणसाची कारकीर्द म्हणजे त्यानं केलेली कामं, आणि त्यात रंग लावणं हे एक काम.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे अण्णा साळुंके. यांचं नाव टिकलं, म्हणून यांच्यावरून बाकीच्यांचा अंदाज येतो. 1912 मध्ये फाळके दादरला ‘राजा हरिश्चंद्र’ची जुळवाजुळव करत होते, तेव्हा तारामती मिळेना. नाटकातल्या बायका सिनेमाला तयार नाहीत, आणि नाचगाणं करणाऱ्या बायकांकडे गेले तर त्याही नको म्हणाल्या. शेवटी ग्रँट रोडच्या एका हॉटेलात काम करणारा हा सडपातळ, नाजूक हातांचा पोरगा त्यांच्या नजरेत भरला. हॉटेलात महिना 10 रुपये मिळत होते, फाळक्यांनी 15 देऊ केले. भारतातली पहिली नायिका ही अशी 5 रुपयांच्या वाढीवर मिळाली.

त्यात मिशीची भानगड. स्त्री-भूमिका करायची तर मिशी काढायला हवी, आणि बाप जिवंत असताना मिशी काढायची नाही हा तेव्हाचा रिवाज. फाळक्यांना त्यासाठी नटांच्या विनवण्या कराव्या लागल्या होत्या. मला हे वाचून हसू आलं नाही, कारण आजही एखादा हौशी नट मिशी काढायची म्हटलं की आधी घरी फोन लावतो.

‘राजा हरिश्चंद्र’ 3 मे 1913 ला गिरगावात कोरोनेशनला लागला आणि त्याच वर्षी फाळक्यांनी बिऱ्हाड नाशिकला हलवलं. जन्म त्र्यंबकेश्वरचा, त्यामुळे मुलूख ओळखीचा. ऊन भरपूर, नदी, घाट, देवळं, डोंगर, सगळं फुकट. इथं आल्यावरच ‘मोहिनी भस्मासुर’ झाला आणि त्यात दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई पडद्यावर आल्या. म्हणजे बायका आल्या 1913 लाच. पण म्हणून पुरुषांनी लुगडी सोडली असं झालं नाही. 1917 च्या ‘लंकादहन’मध्ये सीता पुन्हा साळुंकेच, आणि रामही साळुंकेच!

हे दोन्ही एकट्यानं कसं निभावलं, असं लोक मला विचारतात. कॅमेऱ्याची काही जादू असणार असं वाटतं, आणि फाळके स्वतः जादूचे प्रयोग करणारे असल्यामुळे तो संशय रास्तच आहे. पण मला वाटतं, निम्मं काम कथेनंच केलं होतं. लंकादहनात सीता अशोकवनात आणि राम समुद्रापलीकडे. समोरासमोर यायचा प्रसंग नसेल, तर एकच माणूस आज धनुष्य धरून उभा राहू शकतो आणि चार दिवसांनी झाडाखाली बसून रडू शकतो. लपले नाहीत ते फक्त दंड. इतक्या वर्षांत साळुंके 10 रुपयांचे सडपातळ राहिले नव्हते, सीतेचे स्नायू प्रेक्षकांना दिसायचे. तुमच्या फोटोतल्या ‘बाई’चे दंड तुम्हाला खटकले ना, ते त्याच परंपरेतले. (त्यातला हनुमान गणपत शिंदे. हेही नाव टिकलं, कारण हनुमान लक्षात राहतो. त्याच्या शेपटीला आग लावणारे चार राक्षस कोण, हे कोणी लिहून ठेवलं?)

पुढे साळुंके कॅमेऱ्यामागे गेले. नट म्हणून त्यांचे चित्रपट हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, पण छायालेखक म्हणून त्यांनी बरीच वर्षं, मूकपटाच्या अखेरीपर्यंत काम केलं. हॉटेलातून पडद्यावर, पडद्यावरून कॅमेऱ्याच्या मुठीवर. आजच्या हिशेबानं तीन वेगळे धंदे, त्यांच्या हिशेबानं एकच नोकरी. ताई, तुमच्या पणजोबांना शोधायचं तर या नजरेनं शोधा. ते नटांच्या यादीत नसतील, पण सुतार, रंगारी, ‘फिल्म धुणारा’, आचारी म्हणून एखाद्याच्या आठवणीत असू शकतात.

आता ‘कारखाना’. आजींच्या तोंडचा हा शब्द मला फोटोपेक्षाही मोलाचा वाटतो. दादरला पहिलं चित्रीकरण चालू असताना सिनेमात काम करतो म्हटलं की लोक नाकं मुरडायचे. म्हणून फाळक्यांनी आपल्या माणसांना सांगितलं होतं, कोणी विचारलं तर म्हणा आम्ही हरिश्चंद्राच्या कारखान्यात आहोत. स्त्री-भूमिका करणाऱ्यांनी घरात लुगडं नेसूनच वावरायचं, तांदूळ निवडायचे, म्हणजे हालचाल अंगात मुरते, ही त्यांची तालीम. फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाई या सगळ्या गोतावळ्याचा स्वयंपाक करायच्या, फिल्मला भोकं पाडायच्या, उन्हात पांढरी चादर धरून नटाच्या तोंडावर उजेड टाकायच्या. घर, खानावळ आणि कारखाना एकाच छपराखाली. नाशिकला येताना हा शब्दही सोबत आला असेल, असं मानायला जागा आहे.

पण इथं सावध राहा. नाशिकरोडचा सरकारी छापखाना याच सुमारास, 1925 च्या आगेमागे सुरू झाला. आजी त्याला कारखाना म्हणत असतील का? मला तसं वाटत नाही, कारण नाशिककर त्याला पिढ्यान्‌पिढ्या ‘प्रेस’च म्हणतात. शिवाय प्रेसमध्ये कोणी राक्षस होत नाही. (माझे दोन मेहुणे तिथून निवृत्त झालेत, ते हे वाचतील, म्हणून जास्त लिहीत नाही.)

आता फोटो. हा माझ्या धंद्याचा भाग, म्हणून जरा सविस्तर.

1924 मधल्या फिल्मला आणि फोटो घ्यायच्या काचेच्या प्लेटलाही लाल रंग दिसत नसे. निळा भडक पांढरा यायचा, लाल थेट काळा. कुंकू काळं, आलता काळा, विड्यानं रंगलेले ओठ काळे, उन्हानं तांबूस झालेली कातडी डागाळलेली. नाटकाची रंगपेटी तेव्हा सफेदा (पांढरा), पिवडी (पिवळा), हिंगूळ (लाल) आणि काजळ यांची. गॅसबत्तीच्या पिवळ्या उजेडात सफेदा-हिंगूळ कालवून लावला की गाल सफरचंदासारखे दिसायचे. तोच चेहरा उन्हात कॅमेऱ्यासमोर उभा केला की गालांवर दोन काळे खड्डे! म्हणून सिनेमातल्या लोकांनी हिंगुळाला फाटा दिला आणि फिक्या लेपावर भर दिला. जुन्या मूकपटांत सगळे पिठात बुडवून काढल्यासारखे दिसतात ते यामुळे.

घरच्या घरी करून बघता येतं. गेल्या वर्षी माझ्या रंगभूषेच्या वर्गातल्या एका मुलाच्या अर्ध्या चेहऱ्याला मी नाटकाचा नेहमीचा रंग लावला, गालाला लाली, ओठ लाल. उरलेल्या अर्ध्याला फिका पिवळसर लेप आणि ओठांवर तपकिरी. मोबाईलवर फोटो काढला, ब्लॅक अँड व्हाइट केला आणि लाल रंगाची पट्टी अगदी खाली ओढली. नाटकाची बाजू आठवडाभर तापानं फणफणलेल्या माणसासारखी दिसायला लागली, दुसरी बाजू थेट 1920 मधली. पोरं अर्धा तास हसत होती. मला मात्र त्या प्रयोगासाठी जुळेनासे झालेले रंग का जुळत नव्हते ते एकदाचं कळलं.

तेव्हा भिंग घ्या आणि पणजोबांचे गाल बघा. गालांवर गडद गोल डाग असतील तर रंग नाटकाचा आहे आणि फोटो बहुधा एखाद्या संगीत नाटक मंडळीतला. चेहरा सपाट फिका, डोळे आणि भुवया तेवढ्या ठळक असतील तर सिनेमाचं पारडं जड. मग उजेड. पडदेवाल्या फोटोग्राफरकडे काढलेल्या फोटोत उजेड एका बाजूनं मऊ येतो. कंपनीत काढलेला असेल तर नाकाखाली आणि हनुवटीखाली उन्हाची सावली असेल, डोळे किंचित बारीक झालेले असतील. राक्षस कितीही उग्र असला तरी दुपारच्या उन्हात डोळे मिटतातच.

मुकुट बघा. पुठ्ठा, त्यावर बेगड, मध्ये आरशाचे तुकडे. आरसा उन्हात चमकून फोटोत पांढरा फटका मारतो, तसा फटका असेल तर फोटो उघड्यावरचा. आणि मिशी. खरी मिशी ओठाच्या कडेला विरळ होत जाते, लावलेली असेल तर कड कापल्यासारखी सरळ. मिशी खरी निघाली तर एक बारीकशी गोष्ट कळते: हा माणूस स्त्री-भूमिका करत नव्हता, आणि त्याच्यावर ती काढायची पाळीही आली नव्हती. म्हणजे राक्षस, सरदार, भीम, दुर्योधन या रांगेतला. गदा आहे म्हणून राक्षसच, असं मात्र धरून चालू नका. गदा भीमाचीही असते.

अशा नटाला काय लागायचं? आवाज नको, पाठांतर नको. अंग हवं, आणि ते उन्हात तासन्‌तास ताणून धरायची ताकद हवी. कॅमेरा हातानं फिरवायचा. फिल्मच्या एका फुटात 16 चित्रं, आणि फिरवणाऱ्याचा वेगही सेकंदाला साधारण तेवढाच. म्हणजे गदा उचलून गर्जना करायला 10 सेकंद लागले तर 10 फूट फिल्म गेली. फिल्म विलायतेहून यायची, मोजून वापरायची. पुन्हा पुन्हा घेण्याची चैन नाही. तालीम भरपूर, आणि कॅमेरा फिरायला लागला की एकदाच. हे बोहाड्याची, म्हणजे आपल्याकडच्या मुखवट्यांच्या उत्सवातली, सोंगं बघितलेल्या माणसाला नवीन नाही. पेठ-सुरगाण्याकडे बोहाड्यात मुखवटा घालून रावण नाचतो, तेव्हा त्याला चेहरा नसतोच. सगळं मान, खांदे आणि पावलं बोलतात. नाशिकला राक्षसांचा तुटवडा पडला नसेल, असं माझं आपलं मत.

नाव का नाही, याचं उत्तर आता अर्धं मिळालंच. नटांची नावं पडद्यावर द्यायची आजच्यासारखी रीत नव्हती. 1920 पासून मुंबईला सेन्सॉर बोर्ड आलं, पण त्याच्या दप्तरात चित्रपटाचं नाव, कंपनी आणि लांबी. गदावाल्याची नोंद कशाला असेल? आणि चित्रपटच बघून ओळखावं म्हटलं तर तेही गेले. भारतात मूकपट झाले 1300 च्या आसपास. हाताशी आहेत ते जेमतेम 30, त्यातलेही बरेच तुकड्यांत. नायट्रेटची फिल्म भडकन पेट घेते, आणि पेटली नाही ती चांदी काढून घेण्यासाठी लोकांनी विकली. ‘राजा हरिश्चंद्र’ची म्हणून आपण जी रिळं बघतो ती बऱ्याच अभ्यासकांच्या मते 1917 मध्ये पुन्हा केलेल्या चित्रपटाची. त्यात तारामती सख्यांबरोबर हौदात उतरते तो प्रसंग आहे. ओलेत्या लुगड्यातल्या त्या सगळ्या सख्या पुरुष. त्यांची नावं एखाद्या यादीत सापडतात का, बघा बरं.

मला याचं फार वाईट वाटत नाही, कारण स्वतःवर बेतलंय. वीसेक वर्षांपूर्वी त्र्यंबक रस्त्याला एका पौराणिक मालिकेचं चित्रीकरण होतं. मी रंगभूषेला गेलो होतो. दैत्य कमी पडले म्हणून मलाही उभं केलं. नऊ दिवस, रोजावर, शिंगं लावून. मालिकेत माझं नाव रंगभूषेतही नाही आणि दैत्यांतही नाही. पडद्यावर मी तीन सेकंद दिसतो, तोही पाठमोरा. बायकोनं पाठीवरच्या चामखिळीवरून ओळखलं.

हे गमतीत सांगितलं, पण कामाचं आहे. तुमच्या घरात पणजोबांच्या अंगावर काही खूण असल्याचं कोणाला आठवत असेल, मोडलेलं बोट, कानातली भिकबाळी, गोंदण, तर ती फोटोत शोधा आणि लिहून ठेवा. उरलेल्या रिळांत कधी कोणी सापडलंच तर ते तोंडावरून सापडणार नाही.

कंपनीच्या शेवटाबद्दल थोडक्यात. 1918 ला मुंबईच्या भांडवलदारांबरोबर हिंदुस्थान सिनेमा फिल्म कंपनी निघाली. फाळक्यांचं भागीदारांशी पटेना, ते मध्येच सोडून काशीला गेले, परत आले. 1924 ला कंपनी नाशिकला चालू होती, म्हणजे तुमचं साल बसतं. मग 1931 ला बोलपट आला आणि पुढच्या एक-दोन वर्षांत कंपनीचं दुकान बंद झालं. आता बोलायला, गायला लागणार होतं, आणि काम होतं ते मुंबई, कोल्हापूर, पुण्याला. प्रभातनं 1933 ला पुण्यात बस्तान बसवलं. खुद्द फाळक्यांना शेवटचा चित्रपट, 1937 चा ‘गंगावतरण’, कोल्हापूरला जाऊन करावा लागला. पंचवटीत भाड्याची खोली, दोन-तीन पोरं आणि नुसतं अंग हेच भांडवल असलेला माणूस काय करेल? घरी कोणाला तरी विचारा, 1932 नंतर पणजोबा काय करायचे. ‘त्याच सुमारास कारखाना सुटला आणि अमुकतमुक नोकरी धरली’ असं उत्तर आलं तर तो माझ्या दृष्टीनं यादीतल्या नावाइतकाच पुरावा आहे.

शोधायचं कुठं? पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय हे पहिलं ठिकाण. तिथं फाळक्यांच्या चित्रपटांचे उरलेले तुकडे आहेत, स्थिरचित्रं आहेत. पत्र लिहून, वेळ घेऊन जा आणि नाव विचारण्याऐवजी फोटो दाखवा. आपल्याकडे नाशिकला सार्वजनिक वाचनालय, 1840 पासूनचं. जुनी मासिकं बघायला मिळतात का ते विचारा. आणि एक जागा लोक विसरतात: रामकुंडावरचे तुमचे तीर्थोपाध्ये. कुळाची नामावळ त्यांच्या चोपड्यांत असते. पणजोबा मूळचे नाशिकचे की कामासाठी आलेले, कोणत्या गावाहून आले, हे तिथं कळू शकेल. गाव कळलं की त्या गावच्या नाटक मंडळीचा माग लागतो, कारण तेव्हाचे बरेच नट आधी नाटकात पाय ठेवून मगच सिनेमाकडे वळायचे. पांडवलेण्यांच्या पायथ्याचं फाळके स्मारक जरूर बघा, पण कागद शोधायला तिथं जाऊ नका.

फोटोबद्दल हात जोडून विनंती: लॅमिनेट करू नका, पुसू नका, मागच्या शाईवर बोट फिरवू नका. दोन्ही बाजू स्कॅन करा, मोठ्या आकारात. आणि स्कॅन झाल्यावर तळाचा भाग मोठा करून मला एवढंच कळवा, की पणजोबांच्या पायाखाली माती आहे की सतरंजी.